शेवटचा रकाना

मीटरसर खेळाडूंच्या बंड्या स्वतःच्या हातांनी धूत. भोपाळच्या अवधपुरीतल्या त्यांच्या घराच्या गॅलरीत चोवीस काळ्या, आखूड, घट्ट बंड्या वाळत असत, आणि एक ते चोवीस हा क्रम कधी चुकत नसे. प्रत्येक बंडीच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, एक छोटा खिसा होता. सरावाच्या वेळी त्यात काडेपेटीएवढं यंत्र बसवलं जाई. खेळाडू किती धावला, किती वेगाने धावला, कोणत्या पायावर जास्त भार देतो, हे सगळं त्यातून संगणकावर उतरे. खेळाडू त्या यंत्राला डबी म्हणत आणि ते सांभाळणाऱ्याला मीटरसर.

त्यांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, ते धुणं आवडत नसे. "शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे मुलींचं होस्टेल आहे का," त्या एकदा चहा देताना म्हणाल्या.

"हो म्हणून सांग," मीटरसर म्हणाले. "त्यातल्या सात डिफेंडर आहेत."

त्यांचे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि इथलेच झाले. मीटरसरांनी स्वतः वीस वर्षं जवळच्याच मंडीदीपच्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासली. हॉकी ते फक्त बघत. शहरात व्यावसायिक हॉकी संघ उभा राहिला आणि आकडे सांभाळायला माणूस हवा झाला, तेव्हा त्यांनी कारखाना सोडला. मी तेव्हा वर्तमानपत्राच्या क्रीडा पानासाठी त्या संघाच्या बातम्या देत असे. मैदानावर मला खरी माहिती देणारे ते एकटेच होते, कारण ती लपवावी हे त्यांना सुचत नसे.

कारखान्यातून त्यांनी एक नियम आणला होता. "जिथे माप, तिथेच शेरा." माप एका कागदावर आणि त्याबद्दलचा शेरा दुसऱ्यावर, असं झालं की दोन्ही वाया जातात, हे त्यांचं मत. म्हणून संघासाठी बनवलेल्या तक्त्यातही आकड्यांच्या सगळ्या रकान्यांनंतर शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. तो त्यांच्याखेरीज कुणी भरत नसे.

सकाळी बंडी हातात देण्याआधी ते प्रत्येकाला विचारत, "नींद कैसी रही?" खेळाडूंच्या मनगटावर झोप मोजणारा पट्टा होता, त्यामुळे हा प्रश्न चेष्टेचा विषय झाला होता.

"पट्टा बताता है ना सर, आप काहे को पूछते हो?"

"पट्टा बताता है कितना सोया. क्यों नहीं सोया, वो तू बताएगा."

आणि पोरं सांगत. घरातलं भांडण, बहिणीचं लग्न, जागेवरून काढतील ही भीती. प्रशिक्षकापासून लपवलेली दुखणी डब्या घेण्याच्या त्या रांगेत बाहेर पडत. मीटरसर ऐकून घेत आणि सरावाचा भार कुणाचा कमी करायचा ते फिजिओला सुचवत. कारण सांगत नसत.

नावेद डाव्या बगलेवर खेळे. जुन्या शहरातल्या एका शिंप्याचा मुलगा, अकरा नंबरची बंडी. त्याचे आकडे संघात सर्वांत चांगले होते. एका सकाळी तो म्हणाला, "नींद ठीक है सर. सीढ़ी उतरते में बायाँ घुटना बोलता है. किसी को बताना मत."

"डबी में तो नहीं दिख रहा."

"डबी को सीढ़ी थोड़ी उतारते हैं, सर."

मीटरसर हसले. त्यांनी दोन आठवडे त्याचा भार कमी करवला. गुडघा शांत झाला. त्यांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. फक्त नावेदने सांगितलं त्या संध्याकाळी, रोजच्या सवयीने, शेवटच्या रकान्यात लिहिली.

तो तक्ता मालकांच्या दुसऱ्या शहरातल्या कचेरीतही उघडे, हे त्यांना माहीत होतं. माहीत होतं हे त्यांनी कधी लपवलं नाही, मला नंतर तसंच सांगितलं. "मंडीदीपला वीस वर्षं शेरे लिहिले. एकदाही कुणी वाचले नाहीत. इथे वाचतील असं वाटलंच नाही."

हंगाम संपल्यावर करार नव्याने करायची वेळ आली. नावेदला पत्र आलं. तंदुरुस्तीच्या कारणास्तव करार वाढवता येत नाही, असं त्यात होतं, आणि डाव्या गुडघ्याचा स्पष्ट उल्लेख होता. तो पत्र घेऊन मैदानावर आला आणि मीटरसरांपुढे धरून उभा राहिला.

"सर, सीढ़ी वाली बात तो मैंने डबी को नहीं बताई थी."

मीटरसरांनी त्याच दिवशी कचेरीला लांबलचक पत्र लिहिलं: गुडघा बरा आहे, आकडे पाहा, हा निर्णय माझ्या एका ओळीवर घेऊ नका. उत्तर दोन वाक्यांचं आलं. आपले शेरे अत्यंत उपयुक्त ठरत आहेत. यापुढेही असेच लिहीत जावे.

त्यांनी चोवीस बंड्या शेवटच्या वेळी धुतल्या, घड्या घातल्या, क्रमाने व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवल्या आणि राजीनामा दिला. नावेदची बातमी मी दिली होती, चार ओळींची. 'तंदुरुस्तीच्या कारणास्तव' हे शब्द पत्रातून जसेच्या तसे उचलले होते. मीटरसरांनी त्याबद्दल मला कधी बोल लावला नाही. पुढे नावेद बोलावतील त्या स्पर्धेत, सांगतील तितके सामने खेळत राहिला. तिथे डबी नव्हती आणि भार कमी करवणारंही कुणी नव्हतं.

मीटरसर मुलीकडे पुण्याला राहायला जाणार होते, तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो. गॅलरीत घरातले चार कपडे वाळत होते. चहा झाल्यावर ते आपणहून म्हणाले, "नावेद भेटला होता."

नेहरू नगरात दातांच्या एका दवाखान्याच्या जिन्यात दोघं समोरासमोर आले. हे चढत होते, तो उतरत होता. यांनी काही विचारण्याआधी तोच म्हणाला, "घुटना एकदम फर्स्ट क्लास है, सर." मग कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, तो खाली गेला.

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार. बढ़िया, म्हटलं."