सदाने इन्सुलिन बंद केलं, माझ्या पोस्टमुळे

मंडळी, आज सकाळी सदाच्या घरून सुमनवहिनींचा फोन आला, "भावोजी, हे चक्कर येऊन पडलेत. चार दिवस इन्सुलिनच घेतलं नाही."

दवाखान्यात पोचलो तर माझा बालमित्र सदा सलाईन लावून पडलेला. विचारलं, "सुई का बंद केलीस रे?"

"तूच लिहिलंस ना ग्रुपवर? स्टेम सेलपासून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तयार झाल्या, कलमासारख्या शरीरात लावतात म्हणून. मग रोज भोकं कशाला पाडून घेऊ?"

माझं डोकंच फिरलं. "अरे, अजून मोजक्या माणसांवर प्रयोग चाललेत. जन्मभर आंब्याची बाग केलीस, आज बांधलेल्या कलमाला उद्या आंबा लागतो का?"

"मग तसं लिहायचंस," तो म्हणाला.

खरंच लिहिलं नव्हतं. वाचून इतका हरखलो की प्रयोगाची ओळच गाळली. आणि तुम्ही सगळ्यांनी नुसते लाईकचे अंगठे टाकलेत, एकानेही विचारलं नाही की हे औषध मिळतं कुठे.

सदा आता बरा आहे. पण ती पोस्ट वाचून आणखी कुणी सुई-गोळी थांबवली आहे का? लाजू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. मला शिव्या नंतर घाला.