पाच ताटं

रनाळ्याला आमच्या घरी शेंगा सोलायला चार जणी बसल्या की हेच किस्से निघतात. एक सांगावा, तर दुसरा त्याच्या मागे उभाच.

माही माझी मुलगी, सात वर्षांची. तिला ऑटिझम आहे. बोलते फार कमी. आणि जेवायची दाराआड, एकटी. भाकरी अख्खी हवी. कड जरी मोडली तरी ताट सरकवलं! तिने आमच्यात बसून जेवावं, एवढंच माझं मागणं होतं.

नंदुरबारच्या थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "तिला आग्रह करू नका." आता आमच्या सासूबाईंचा आग्रह असा, की पाहुणा हात धुवायला उठला तरी ताटात भाकरी पडायची. "आर्धी तरी ले, माय," हे त्यांचं पालुपद. त्या म्हणाल्या, "आग्रह नही करना, मंग जेवाले कसाले बलावानं?" दोन दिवस माझ्याशी अबोला.

मग मॅडम म्हणाल्या, सगळे एकत्र बसा. इथे खरी पंचाईत. सासूबाई जन्मात सासऱ्यांसोबत जेवल्या नव्हत्या. "मंग वाढी कोन?"

"टोपलं आठेच ठेव, नि बठ," सासरे शेजारची जागा दाखवत म्हणाले.

त्या दिवशी दोघंही लाजून मान खाली घालून बसले. माही दाराआडून त्यांना बघत पोटभर जेवली. उपाशी उठले ते हे दोघे!

पुढे माहीला ताटं मांडायचं काम दिलं. सासरे, सासूबाई, हे, मी, शेवटी ती. पाच ताटं, एका रेषेत. हळूहळू ती आपल्या ताटापाशी बसायला लागली. एकदा शेजारचे काका आयत्या वेळी टेकले, तर त्यांचं सहावं ताट तिने भाजीसकट मोरीत नेऊन ठेवलं. तेव्हापासून पाहुणा समोरच्या भिंतीला, वेगळा.

गेल्या महिन्यात नणंदेचे सासरे आले. व्याही म्हटल्यावर सासूबाईंनी पदर खोचला आणि वाढायला उभ्या राहिल्या. मी माहीच्या ताटाजवळ बसले. पण सासूबाईंच्या ताटापाशी कोणीच नाही, म्हणून माही बसेना. दाराकडे बघायला लागली. एकदा दाराआड गेली असती, तर सगळी मेहनत पाण्यात.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. टोपलं खाली ठेवलं आणि व्याह्यांसमोर येऊन आपल्या ताटावर बसल्या. माहीही बसली. सासूबाईंचं ताट मात्र रिकामंच, त्यांना वाढणार कोण?

माहीने आपली भाकरी उचलली. मोडली. उठून एक तुकडा सासूबाईंच्या ताटात ठेवला आणि म्हणाली,

"आर्धी तरी ले, माय."