परवानगी अण्णांवरचा आळ

अण्णा ड्रोन उडवण्याआधी म्हशीचीसुद्धा परवानगी घ्यायचे. भोंगवलीच्या एका बांधावर म्हशीसमोर उभं राहून, "बाई, दहा मिनिटं आवाज हुईल, बुजू नको," असं म्हणताना मी त्यांना ऐकलं आहे. मग त्यांनी म्हशीच्या मालकाला विचारलं, शेजारच्या मळ्यात जाऊन तिथल्या कारभाऱ्याला विचारलं. एवढं होईपर्यंत वारा सुटला. अण्णांनी ड्रोन पेटीत ठेवला आणि जाहीर केलं, "आजची गाडी रद्द." परवानगी अण्णा हे नाव त्यांना अशा उद्योगांमुळेच पडलं.

गाडी हा त्यांचा जुना शब्द. सगळी नोकरी त्यांनी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून केली. निवृत्त झाल्यावर पुण्यातल्या मुलीनं त्यांना तळहातावर मावेल एवढा ड्रोन आणून दिला. तिला वाटलं, बाबांना विरंगुळा होईल. अण्णांनी त्याची डेपोतली गाडी केली. सुटली किती वाजता, परत आली किती वाजता, वारा कसा होता, सगळं वहीत. मी निवृत्त तलाठी, अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडे. सही मात्र ते स्वतः करायचे आणि केल्यावर पेनाचं टोपण लावून ते खिशाला अडकवेपर्यंत बोलायचे नाहीत.

निघण्याआधी सकाळी घरी ते मोबाईलवर सरकारी नकाशा उघडत. "हिरवं असलं तर उडवायचं, पिवळं असलं तर इचारायचं, तांबडं असलं तर पेटी बी उघडायची न्हाई." एकदा घरी नकाशा उघडेना, स्टँडवर पोचलो तरी उघडेना. मी म्हणालो, "अहो, काल हिरवं होतं ना?" "काल कालचं हुतं," अण्णा म्हणाले. आम्ही स्टँडवरून परत फिरलो आणि बरोबर घेतलेला डबा त्यांच्या ओट्यावर बसून खाल्ला.

ड्रोन नजरेआड न्यायचा नाही, हा त्यांचा सर्वांत कडक नियम. वेल्ह्याकडच्या एका डोंगराच्या सोंडेवर मी त्यांना फार गळ घातली की जरा पलीकडे नेऊ, दरी दिसेल. ते म्हणाले, "भाऊसाहेब, पल्याड कोन हाय, तुमाला हितनं दिसतंय का?"

"नाही."

"मग?"

हे 'मग' ते असं म्हणायचे की आपण विनातिकीट सापडलो आहोत असं वाटावं.

पानशेतला पुण्याहून आलेल्या एका तरुणानं त्यांना धरणावरून ड्रोन फिरवायला सांगितलं. "काका, दोन मिनिटं. कोण बघतंय?" अण्णांनी त्याला बाजूला घेतलं. "धरणावर मनाई हाय, ते एक. तिकडं घाटावर बायका धुणं धुत्यात, त्यांच्या डोक्यावरनं न्यायचा न्हाई, ते दुसरं. आन् कोन बघतंय म्हनताय, तर आपुनच बघतोय की वरनं. म्हनून तर इचारायचं." तो बिचारा हातातलं कणीस तसंच धरून ऐकत राहिला. मी नंतर म्हणालो, "अण्णा, कणीस गार झालं त्याचं." त्यावर ते मनापासून हसले.

आता ज्यासाठी लिहायला बसलो, ते लिहितो.

हिर्डोशीच्या वर एक धनगरवस्ती आहे. तिच्या मागच्या कड्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात. अण्णांनी त्या दिवशी पोचल्या पोचल्या बजावलं होतं, "कड्याकडं बघायचं बी न्हाई. पंख्याच्या आवाजानं माश्या उठत्यात." मग पेटी आणि रिमोट माझ्यापाशी ठेवून ते खाली नाचणी झोडणाऱ्यांची परवानगी घ्यायला गेले. मला वाटलं, हे आता अर्धा तास येत नाहीत. रिमोटवर त्यांची बोटं कशी चालतात, ते मी वर्षभर पाहत होतो. मी ड्रोन उडवला आणि सरळ कड्याकडे नेला.

पडद्यावर मोहोळाचा काळा पट्टा मोठा होत गेला. मग त्याच्यावरून एक लाट सरकली. दुसऱ्या क्षणी पट्टा फुटला. मी परत बोलावण्याचं बटण दाबलं, पण माश्या खाली उतरल्या होत्या, आणि कड्याखाली वस्तीवरच्या हौसाबाई शेळ्या राखत होत्या.

अण्णा खालून धावत आले. त्या वयात, त्या चढावर. हौसाबाईंचं घोंगडं घेऊन त्यांनी हौसाबाईंवरच टाकलं आणि वरून स्वतः पालथे पडून राहिले. माश्या निवळल्यावर वस्तीवरची माणसं जमली. कुणीतरी ओरडलं, "कुनाचं हाय ते यंत्र?"

अण्णांचे ओठ सुजले होते. "माझं," ते म्हणाले. "चूक माझी."

मी चार पावलांवर उभा होतो. नोकरीत मी शेकडो पंचनामे लिहिले, दर वेळी लोकांना दरडावलं, खरं काय ते सांगा. त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

हौसाबाईंना टेम्पोतून भोरच्या दवाखान्यात नेलं. त्या वाचल्या, पण महिना गेला. दवाखान्याच्या पायरीवर मी अण्णांना म्हणालो, "उद्या मी सांगतो." ते म्हणाले, "गाडी माझ्या नावावर. चावी मोकळी टाकून म्या गेलो. डेपोत असं केलं असतं तर घरी बसवला असता मला. तुमी गप ऱ्हावा." मला तेच ऐकायचं होतं. मी गप्प राहिलो.

अण्णांनी पुन्हा पेटी उघडली नाही. ज्या गावांत ते विचारून विचारून जायचे, तिथं त्यांना 'माश्या उठवणारा म्हातारा' म्हणू लागले. गेल्या वर्षी ते मुलीकडे वारले. शोकसभेत एकानं तो किस्सा सांगितला. लोक हळहळत हसले. मीही मान हलवली. ती हलवलेली मान मला झोपू देईना.

म्हणून परवा हिर्डोशीला उतरलो आणि वस्तीवर चालत गेलो. हौसाबाई अंगणात बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. ड्रोन मी उडवला होता, तेव्हा अण्णा तिथं नव्हतेच.

"बाबा, म्या तर बरी झाले," त्या म्हणाल्या. "पर त्यो मानूस नंतर तीनदा आला हितं. माझ्या डोळ्याची सूज उतरली का, बघाया. तिन्ही येळंला म्या त्याला दारातनंच लावून दिला. पानी बी इचारलं न्हाई. आता ते म्या कुठं निस्तरू, सांगा."

अण्णा तीनदा वर गेले होते, हे मला ठाऊक नव्हतं. हौसाबाई उठून आत गेल्या आणि तांब्याभर पाणी आणून माझ्यापुढे धरलं. उन्हातून चढून आलो होतो. मी ते सगळं प्यालो.