माझी चूक, कोच

व्हर्न स्टोल्झ आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या क्लबासाठी एकोणतीस वर्षं पोरं बघतो आहे. हुद्दा स्काउटचा. प्रत्यक्षात वर्षातले दोनशे दिवस गाडी चालवायची, कुठल्यातरी कॉलेजच्या मैदानाच्या कडेला उपवर मुलीच्या बापासारखं गप्प उभं राहायचं, आणि संध्याकाळी मोटेलवर बसून अनोळखी तरुणाबद्दल चार ओळी लिहायच्या. त्या चार ओळींवर एखाद्याचं आयुष्य ठरतं, असं लोक म्हणतात. व्हर्न म्हणतो, "चारातल्या दोन तर उंची-वजनाच्या असतात."

मी कॅमेऱ्याचा माणूस. सरावाचं आणि सामन्यांचं चित्रण करतो, कापतो, कोचांपुढे लावतो. ऑगस्टमध्ये आमचा सरावाचा कॅम्प विस्कॉन्सिनमधल्या एका छोट्या कॉलेजात असतो. तिथल्या वसतिगृहात व्हर्नची खोली माझ्या शेजारी, म्हणून मला त्याच्याबद्दल जरा जास्त माहिती आहे. जास्त म्हणजे तो घोरत नाही, एवढीच.

रिसीव्हर, म्हणजे पळत जाऊन पास झेलणारा गडी, पारखताना व्हर्न हात बघत नाही. "हात सगळ्यांनाच असतात." चेंडू दुसऱ्याकडे जाणार हे ठाऊक असताना गडी कसा पळतो, ते तो बघतो. बहुतेक जण अशा वेळी पाय मोकळे करून घेतात. जॉर्जियातल्या एका आडगावच्या कॉलेजात कीशॉन लेगेट नावाचा पोरगा मात्र एक्केचाळीस वेळा चेंडू नसताना एक्केचाळीस वेळा जीव तोडून पळाला होता. व्हर्नने हे मला मुद्दाम फोन करून सांगितलं. आवाजात आनंद होता असं म्हणवत नाही. पण फोन त्याने केला होता.

आमच्याकडे एक रीत आहे. नव्या खेळाडूंच्या निवडीआधी प्रत्येक स्काउटला एक लाल ठिपका मिळतो. भिंतीवरच्या ज्या नावाला तो चिकटवला, तो त्याचा माणूस. मात्र पुढे क्लबाने त्या माणसाला काढलं, तर सकाळी त्याच्या दारावर टकटक करायला त्याच स्काउटने जायचं. त्यामुळे बहुतेक ठिपके टेबलाच्या खणात वाळतात. व्हर्नचे नऊ वर्षांचे वाळले होते. दहावा त्याने लेगेटला लावला आणि क्लबाने निवडीच्या सहाव्या फेरीत लेगेटला घेतलं.

त्या दिवशी व्हर्नने पोराला फोन केला आणि सगळ्यांना देतो तोच सल्ला दिला: "पहिलं वर्षभर मीटिंगमध्ये तुझ्याकडे बोट दाखवलं, की 'माझी चूक, कोच' एवढंच म्हणायचं. सबबी सांगणारा रूकी, नवा पोरगा, कोणालाच नको असतो." सल्ला शहाणपणाचा होता. आम्ही सगळे तोच देतो.

लेगेट गुणी निघाला. जेवणाच्या हॉलमध्ये नव्यांना खुर्चीवर उभं राहून गावं लागतं. हा चर्चमधलं भजन पूर्ण तीन कडवी गायला, त्यामुळे पुन्हा कोणी त्याला गायला सांगितलं नाही. जुन्या गड्यांची हेल्मेटं उचलायचा. ट्रॉय पेलेटियर हा एकतीस वर्षांचा रिसीव्हर, त्याच जागेचा दुसरा दावेदार, त्याला रोज राबवायचा.

"रूकी, कस्टर्ड आण. दोन चमचे घे."

"दोन कशाला, सर?"

"एक तुला. पण तू उभ्यानं खायचंस."

लेगेट उभ्यानं खायचा. चिकन, बटाटे, कस्टर्ड, सगळं.

तिसऱ्या सराव-सामन्यात त्याच्यासाठी एक पास आला. त्या डावात रिसीव्हरने बारा यार्ड पळून ठरवायचं असतं: अंगावरचा बचावपटू मागे हटला तर थांबून वळायचं, चिकटून राहिला तर त्याला टाकून पुढे पळायचं. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, मागून तेच बघून तेच ठरवतो. दोघांनी एक शब्द न बोलता एकाच क्षणी एकच विचार करायचा. लग्नाला वीस वर्षं झालेल्यांनाही हे जमत नाही.

बचावपटू मागे हटला. लेगेट थांबला. आमचा क्वार्टरबॅक हॉस्कट याने चेंडू लांब फेकला. तो बचावपटूच्या पोटात घरपोच पडला आणि तो माणूस उलट दिशेने पळत जाऊन गुण घेऊन आला.

सोमवारी मीटिंगमध्ये मी ते बाजूच्या कॅमेऱ्यातून दाखवलं. मुख्य कोच डनक्विस्ट म्हणाले, "लेगेट, हे काय आहे?"

लेगेट म्हणाला, "माझी चूक, कोच."

"होतं रे," हॉस्कट मोठ्या मनाने म्हणाला. "पुढच्या वेळी पळत राहा."

कोचनी वहीत खूण केली. बचावपटू मागे हटताना स्वच्छ दिसतो ते मागच्या कॅमेऱ्याचं चित्रण माझ्याकडे तयार होतं. कोणी मागितलं नाही. कॅमेऱ्याच्या माणसाला मत नसतं, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो.

मंगळवारी सकाळी व्हर्न माझ्याकडे आला. "मागून दाखव." त्याने तीनदा पाहिलं.

"बरोबर थांबलाय."

"हो."

"मग बोलला का नाही?"

"तू सांगितलं होतंस म्हणून," मी म्हणालो.

व्हर्नने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. "हां," म्हणाला.

अकराला अंतिम यादीची बैठक होती. मी यंत्रापाशी होतो. पाच रिसीव्हर ठेवायचे, चार ठरलेले. पाचवा लेगेट की पेलेटियर, एवढंच उरलं होतं. पेलेटियर आता पळत नाही, पण चुकतही नाही.

व्हर्न म्हणाला, "कोच, तो पास एकदा मागच्या कॅमेऱ्यातून बघा." मी लावला. डनक्विस्टनी नीट पाहिलं. ते वाईट गृहस्थ नाहीत.

"थांबला ते बरोबर होतं," ते म्हणाले.

"हो."

"पण तो स्वतः चूक म्हणाला."

"अदबीनं म्हणाला."

"व्हर्न, हे बघ. एकतर त्याला आपण बरोबर आहोत हे कळलं नाही, किंवा कळूनही तो माझ्याशी खोटं बोलला. यातलं कुठलं लिहू?"

कोणी तरी हसलं. मग थांबलं.

"मी सांगितलं होतं त्याला तसं बोलायला," व्हर्न म्हणाला.

"मग चूक तुझी," डनक्विस्ट म्हणाले, अगदी मायेने. "पण संघातून तुला कसा काढू? तू संघात नाहीस."

"सराव-संघात तरी ठेवा."

"तिथे बचावाची माणसं हवी आहेत." त्यांनी पान उलटलं. "पुढे. आघाडीच्या फळीतले लाइनमन."

व्हर्न बुधवारी सकाळी सात वाजता लेगेटच्या दारावर गेला. हे त्याने मला नंतर गाडीत सामान ठेवता ठेवता सांगितलं, उंची-वजन सांगावं तसं.

लेगेटने आत बोलावलं. खोली आवरलेली होती. "या ना, मिस्टर व्हर्न. बसा."

"कोचनी बोलावलंय. टॅबलेट बरोबर घे." खेळाचे सगळे डाव त्या टॅबलेटवर असतात, तो परत मागितला, की पुढचं सांगावं लागत नाही.

लेगेटने चार्जरची वायर गुंडाळली. "तो पास आला तेव्हा मी बरोबर होतो ना?"

"होतास."

"कोचना कळलं?"

"कळलं."

"बरं." त्याने वायर टॅबलेटवर ठेवली.

"मी तुला चुकीचं सांगितलं होतं," व्हर्न म्हणाला.

"तसं आईही तेच सांगायची," लेगेट म्हणाला. "तुम्ही एकटेच नव्हता."

व्हर्नने त्याला स्वतःच्या गाडीने विमानतळावर सोडलं. दीड तासाचा रस्ता. काय बोललात, असं मी विचारलं. "मागची काच पूर्ण वर जात नाही, त्याबद्दल."

काढलेल्या खेळाडूला दुसरा क्लब दुसऱ्या दिवशी बारापर्यंत मागू शकतो. गुरुवारी बारापर्यंत कोणी मागितलं नाही. साडेबाराला व्हर्न जेवायला आला, दोन सॉसेज घेतले, मोहरीची बाटली रिकामी निघाली म्हणून शेजारच्या टेबलावरची आणली. एक वाजता तो आयोवाकडे निघाला. तिथे एका कॉलेजात कोणी उंच पोरगा आहे म्हणे.

"आता नव्यांना फोनवर काय सांगणार?" मी गाडीच्या खिडकीशी वाकून विचारलं.

"फोन करणार नाही," तो म्हणाला, आणि आरसा नीट करून गाडी मागे घेतली.