दाणेदार टाका आणि आत्याचा मान

संस्कृती ही हातांनी जपावी लागते, असं मी माझ्या निवृत्तीच्या समारंभात बोललो होतो. टाळ्या बऱ्या पडल्या. त्या वेळी माझ्या एका हातात नारळ होता आणि दुसऱ्या हाताने मी खांद्यावरून घसरणारी शाल जपत होतो. संस्कृतीसाठी हात मोकळा नव्हता.

धारच्या महाविद्यालयात इतिहास शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. इतिहासाच्या प्राध्यापकाला स्वतः काही करावं लागत नाही. दुसऱ्यांनी ते कसं चुकीचं केलं, एवढंच सांगायचं असतं. घरीही मी हीच पद्धत चालवली. सुलभाने, म्हणजे माझ्या बायकोने, ती इतकी वर्षं कशी चालू दिली, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

सुलभाचं माहेर देवासचं. तिच्या भावाला गेल्या हिवाळ्यात नातू झाला. बाळाच्या बापाला सख्खी बहीण नाही, त्यामुळे बारशाला आत्याचा मान आत्याआजीकडे, म्हणजे सुलभाकडे आला. त्या घरात एक पद्धत आहे. आत्याने स्वतःच्या हाताने विणलेलं दुपटं आणायचं, बाळाला त्यात गुंडाळायचं आणि मगच कानात नाव सांगायचं. ही पद्धत किती जुनी, असं विचारलं तर देवासकर मंडळी थेट माळव्यात आलेल्या पवार सरदारांच्या काळात जातात. (माळव्यातल्या प्रत्येक मराठी घराचे पूर्वज पवारांबरोबर आले आणि सगळे कारभारी म्हणून आले. त्या फौजेत लढायला कोण होतं, हे मला कुठल्याही कागदात सापडलेलं नाही.)

सुलभाने क्रोशाने दुपटं विणायला घेतलं. वीतभर झालं आणि हाताशी होती ती लोकर संपली. बाकीची माळ्यावर होती. ती काढायला सुलभा स्टुलावर चढली. स्टूल धरायला मी होतो. मी धरलंही होतं, एका हाताने. दुसऱ्या हातात पेपर होता आणि नेमकी पान उलटायची वेळ आली.

सुलभाच्या उजव्या मनगटाला प्लास्टर घालून आम्ही घरी आलो, तोवर बातमी देवासला पोचली होती आणि वहिनींचा, म्हणजे तिच्या भावजयीचा, फोन आला.

"वन्सं, हातावर जोर देऊ नका हं. दुपट्याचं टेन्शन तर बिलकुल घ्यायचं नाही. इथे रेडिमेड इतकी सुंदर मिळतात. एक घेऊन टाकते, तुमच्या नावाने."

"तुमच्या नावाने" हे शब्द सुलभाला मनगटापेक्षा जास्त लागले.

"दुपटं तर झालंच आहे, वहिनी," ती म्हणाली. "पडायच्या आधीच झालं. धुवून ठेवलंय."

फोन ठेवून तिने तो वीतभर तुकडा डाव्या हाताने उचलला. मग तिने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे.

"तुमचे दोन्ही हात धड आहेत," ती म्हणाली. ऐकायला ती तक्रार वाटली.

"अगं, मी?"

"परवा तुम्हीच म्हणत होतात, दोनच टाके आलटून पालटून घालायचे, त्यात काय एवढं."

म्हणालो होतो. ती विणत असताना मी शेजारी बसून हस्तकलेच्या उगमावर थोडंसं बोललो होतो, त्यात ते येऊन गेलं होतं.

टाका खरंच सोपा होता. एक मुका खांब, म्हणजे बुटका टाका, आणि शेजारी एक साधा खांब, म्हणजे उंच टाका. मग पुन्हा मुका, पुन्हा खांब. परतीच्या ओळीत उलट करायचं. मुक्यावर खांब, खांबावर मुका. एवढं केलं की लोकरीवर भिजल्या साबुदाण्यासारखे दाणे उठतात. मी ते कागदावर आकृती काढून लगेच समजून घेतलं आणि सुलभालाच समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि सुई माझ्या हातात दिली.

"पेनासारखी नका धरू. सही नाही करायची."

मी पकड बदलली.

"चमच्यासारखी धरा. चमचा. श्रीखंड खाताना कसं बरोबर जमतं?"

पहिल्या दिवशी मी नुसत्या साखळ्या घातल्या. त्या इतक्या घट्ट झाल्या की सुलभा म्हणाली, याला बैल बांधता येईल. दुसऱ्या दिवशी हात सैल सोडला, तर साखळीच्या भोकातून माझा अंगठा आरपार गेला आणि तिथेच अडकला. तेवढ्यात दूधवाला दारात आला. मी पेपर मांडीवर ओढला, पण लोकरीचा गोळा गडगडत त्याच्या पायाशी जाऊन थांबला. त्याने दोऱ्याचा माग काढत काढत माझ्या अंगठ्यापर्यंत नजर आणली.

"सर, आप बुन रिये हो?"

"नहीं भिया," मी म्हणालो, "सुलझा रिया हूँ."

यात खोटं काही नव्हतं.

आठवड्याभरात दाणे उठायला लागले. मी खरं सांगतो, हातात पहिली डॉक्टरेट पडली तेव्हा मला इतकं बरं वाटलं नव्हतं. (दुसरी पडलीच नाही, पण ते असो.) मी दुपट्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवायचो. मग एके दिवशी दाणे अचानक थांबले आणि आडवे पट्टे पडायला लागले. मी ते शैलीतलं स्थित्यंतर आहे असं ठरवून दोन ओळी तशाच पुढे गेलो.

सुलभाने दुपटं पलंगावर पसरलं.

"हे काय आहे?"

"दुपटं."

"खाली रुंद, वर निमुळतं. संक्रांतीला उडवायचंय का? अहो, ओळ संपताना कडेचा टाका गाळताय तुम्ही. आधी जोडीने गळत होते म्हणून निभावलं. एक टाका कमी झाला की मुक्यावर मुकाच येणार, दाणे कुठून उठतील? दोन मुके शेजारी बसवून संसार होतो का?"

"मग?"

"उसवा."

पट्ट्यांच्या दोन ओळी मी उसवल्या. आणखी खाली जायला मी नकार दिला. इतक्या कष्टाने उभं केलेलं कुणी पाडतं का? त्यापेक्षा रुंदी परत मिळवू, असा मी सुधारणावादी मार्ग काढला. कडेच्या एका टाक्यात दोन दोन टाके घालायचे. सुलभा त्या दुपारी औषधाने झोपली होती, त्यामुळे विरोधी पक्ष नव्हता. दाणे बरोबर यावेत म्हणून मी टाके वाढवताना जोडीने वाढवले. ते काम मला चांगलं जमलं. फार चांगलं जमलं. जमतंय म्हणून मी पुढचे काही दिवस तेच करत राहिलो. सुलभा विचारायची, "सरळ चाललंय ना?" मी दाणे दाखवायचो. दाणे खरोखर सुंदर होते.

निघायच्या आदल्या दिवशी तिने दुपटं पुन्हा पसरलं. खाली तिची वीतभर सरळ पट्टी, मधे आवळलेली कंबर, वर पसरलेला घेर. पलंगावर एक भलामोठा डमरू पडला होता.

मला वाटलं ती रागावेल. ती पलंगाच्या कडेला बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "वहिनी रेडिमेड आणून ठेवणार. मला माहितेय. माझं हे घडी घालून बाजूला ठेवतील, आणि तोंडाने म्हणतील, वन्सं, छानच झालंय."

मला सुचला तो इतिहास. मी सुचवलं ते असं: देवास हे असं गाव आहे की एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं सुखाने नांदली. अशा गावाला मधे आवळलेलं दुपटं खटकायला नको.

"बारशाला हे बोलू नका," सुलभा म्हणाली. "बारशाला काहीच बोलू नका. देवासला तुम्ही मुका खांब. शपथ घ्या."

मी शपथ घेतली. तिने माझ्याकडून कंबरेत निळी सॅटिनची रिबीन ओवून घेतली, वरचा घेर दुमडून टोपीसारखा करवला आणि डमरूचं एक चमत्कारिक कुंचीवजा दुपटं झालं.

बारशाला हॉल फुलांनी सजवला होता. वहिनींनी टेबलावर खरोखरच एक रेडिमेड दुपटं ठेवलं होतं, "असावं म्हणून." सुलभाने डाव्या हाताने आमचं पुढे केलं. वहिनींनी ते उलटसुलट केलं, रिबिनीशी बोट थांबवलं.

"हे कंबरेत असं का हो, वन्सं?"

"नवीन पद्धत आहे. बाळाच्या पायांना ऊब राहते."

"अच्छा. आणि दाणे किती उठावदार आलेत. हे पडायच्या आधी झालं?"

"आधीच," सुलभा म्हणाली. मी छताकडे बघत होतो. सगळं बरं चाललं होतं.

तेवढ्यात इंदूरचे व्याही उठले. हे बाळाच्या आईचे वडील. कुठल्याशा मंडळाचे अध्यक्ष असल्यामुळे कुठेही माईक नसला तरी त्यांना तो दिसतो. त्यांनी दुपटं वहिनींच्या हातातून घेतलं आणि डोक्यावर धरलं.

"मित्रहो, हे केवळ दुपटं नाही. ही परंपरा आहे. हे टाके आपल्या पूर्वजांनी घोड्यावर बसून दख्खनेतून माळव्यात आणले."

घोड्यावर बसून टाके. मी शपथ पाळली. खोटा इतिहास मी आयुष्यभर ऐकला आहे, तपासला आहे, प्रसंगी त्याला पैकीच्या पैकी गुणही दिले आहेत.

"दोन सुयांवरचं हे अवघड विणकाम," व्याही म्हणाले.

"एक सुई," मी म्हणालो.

व्याही थांबले. सुलभाने माझ्याकडे बघितलं. मला शपथ आठवली, पण तोंड सुरू झालं होतं, आणि ते पंचेचाळीस मिनिटांच्या तासाला सरावलेलं आहे.

"दोन सुयांवरचं वेगळं. हा क्रोशा. अवघड तर मुळीच नाही. हे बघा." हाताशी दोरा नव्हता. पाळण्याची रेशमी दोरी होती. मी ती बोटावर घेतली. "ही साखळी. अशी, अशी, अशी. यावर एक मुका, एक खांब." बाळ आईच्या मांडीवर होतं म्हणून बरं. प्रत्येक टाक्याला दोरी आखूड होत होती आणि सजवलेला रिकामा पाळणा झेंडूंसकट तिरका होत माझ्या दिशेने येत होता. "मुक्यावर खांब आला तरच दाणे उठतात. मुक्यावर मुका आला की पट्टे पडतात. माझे दोन ओळी पडले होते. उसवावे लागले."

पाळणा माझ्या गुडघ्याला टेकला.

"भावोजी," वहिनी सावकाश म्हणाल्या, "तुमचे?"

हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. मी सुलभाकडे बघितलं. ती आपल्या प्लास्टरकडे बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. माहेरच्या भर मांडवात तिचं खोटं मी उघडं पाडलं होतं, तेही प्रात्यक्षिकासह.

वहिनींनी दुपटं पुन्हा हातात घेतलं. या वेळी जरा निरखून. कंबर बघितली, घेर बघितला.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही भावोजींकडून करून घेतलंत?"

"हो," सुलभा पुटपुटली.

"कसं पण? आमच्याकडे यांना चहा झाल्यावर कप उचलायला सांगितलं तर ब्लडप्रेशर वाढतं. आणि तुम्ही प्लास्टर घालून बसल्या बसल्या एका प्रोफेसराकडून दाणे उठवलेत?" त्यांनी रेडिमेड दुपटं टेबलावरून उचललं आणि खुर्चीखाली सरकवलं. "शिकवा हो आम्हाला. टाका नको. हे."

बायकांचा घोळका सुलभाभोवती जमला. ती डाव्या हाताने पदर सारखा करत म्हणत होती, "काही नाही गं, थोडं संयमाने घ्यावं लागतं." तिची मान इतकी ताठ मी आमच्या लग्नातही पाहिली नव्हती.

मी दोरी उसवत हळूच मागे सरकत होतो. वहिनींनी मला अडवलं.

"तुम्ही कुठे चाललात? ज्याच्या हातचं दुपटं, त्याने नाव ठेवायचं. घरची पद्धत आहे. पवारांपासून."

व्याही जोरजोरात मान हलवत म्हणाले, परंपरा म्हणजे परंपरा. अशा रीतीने देवासच्या त्या घराण्यात मी आत्या झालो. मला पाटावर बसवलं, डमरूत गुंडाळलेलं बाळ जवळ आणलं आणि मी त्याच्या कानात नाव सांगितलं. बाळाने जांभई दिली. माझे विद्यार्थीही द्यायचे.

ज्यांनी बारसं पाहिलं आहे त्यांना पुढचं माहीत असेल. आत्या कानात नाव सांगत असताना बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. प्रथा जुनी आहे आणि मनापासून पाळली जाते. त्या दिवशी जरा जास्तच मनापासून पाळली गेली. संस्कृती ही हातांनी जपावी लागते, हे माझं विधान मला पाटावर वाकलेल्या अवस्थेत आठवलं.

बऱ्याच हातांनी ती जपली. त्यातला एक प्लास्टरचा होता.