पाळीवरून दिसलेली वस्ती

ही गोष्ट मी आजवर कुणापुढं काढलेली नाही. नवऱ्यापुढं नाही, बहिणीपुढं नाही, ऑफिसात तर नाहीच. सांगून काही बदलणार नाही हे मला माहीत आहे. तरी सांगते. ऐकायचं नसेल तर पान उलटा — माझी तक्रार नाही.

मी नगरपंचायतीत कारकून आहे. चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नाव राहू द्या. आधी ग्रामपंचायत होती, मग नगरपंचायत झाली. पाटी बदलली, खुर्च्या त्याच राहिल्या. नगरपंचायत झाली की विकास आराखडा करावा लागतो. म्हणजे येत्या वीस वर्षांत गाव किती वाढेल याचा अंदाज घ्यायचा, आणि शाळा कुठं, दवाखाना कुठं, बाजार कुठं, मैदान कुठं, हे नकाशावर आधीच ठरवून ठेवायचं. काम चांगलं आहे. मी आजही तेच म्हणते. बल्लारपूरला कामाला जाणारे लोक आमच्याकडे प्लॉट घेऊन वाटेल तिथं घरं बांधत होते, कुणी नाल्यात, कुणी रस्त्यावर. कुणीतरी ठरवायला हवंच होतं.

पण पुढचं ठरवण्याआधी आज काय आहे ते लिहावं लागतं. नकाशे नागपूरच्या सल्लागारांचे, पाय आमचे. प्रत्येकाला गावाचा एक तुकडा, फॉर्मचा गठ्ठा आणि रंगीत पेन्सिली दिल्या होत्या. राहतं घर असेल तर पिवळा रंग. दुकान असेल तर निळा. काहीच नसेल तर पांढरं सोडायचं आणि कडेला लिहायचं — रिकामी जागा. आणि घराला कुलूप असेल तर? तर परत जायचं. दोनदा, तीनदा, घरच्या माणसाचं नाव आणि सही-अंगठा मिळेपर्यंत.

माझ्या वाट्याला तलावाकडची बाजू आली. तलावाच्या बांधाला आमच्याकडे पाळ म्हणतात; त्या पाळीच्या पलीकडे ढिवरांची वस्ती. तलावात मासे धरायचे, पावसाळ्यात धानाच्या रोवणीला जायचं, उरलेले दिवस मिळेल ती मजुरी. शेवंताबाई तिथली. शुक्रवारच्या बाजारात टोपली घेऊन बसायची आणि मी दिसले की पूर्ण बाजाराला ऐकू जाईल असं ओरडायची, “या बाई, मरळ हाये! का आजबी झिंग्यावरच भागवता? साहेबाच्या घरी मरळ जाते, तुमच्या घरी काऊन नाई जात?”

मी म्हणायची, “मी साहेब झाले की नेईन. आज झिंगेच द्या.”

ती हसायची आणि वरून एक मूठ जास्त टाकायची. एकदा मतदारयादीच्या कामाला मी तिच्या घरीही गेले होते. खाटेवर बसले, पाणी प्यायले. म्हणजे वस्ती मला ठाऊक होती. हे आधीच सांगून ठेवते.

आमचा सर्व्हे फाल्गुनात आला. त्या दिवसांत तलाव आटत येतो, मासे नसतात, आणि ढिवरांची घरंच्या घरं मिरची तोडायला तेलंगणात जातात. म्हातारी माणसंसुद्धा. जाताना दाराला बाभळीची काटेरी फांदी लावतात, ढोरं आत शिरू नयेत म्हणून. दाराला काटी दिसली की घरधनी मिरचीला गेला, हे आमच्याकडे शाळेतली पोरंही सांगतील. मी याच मातीतली आहे. मला माहीत नव्हतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

मी पाळीवर चढले. समोर सगळ्या दारांना काट्या. म्हणजे महिना-दीड महिन्यानं परत यावं लागणार, आणि तक्ते सोमवारी द्यायचे होते. ‘घरं बंद’ असं लिहिता आलं असतं. पण मग माझा तक्ता अपूर्ण ठरला असता, आणि साहेबांनी चारचौघांत विचारलं असतं, बाकीच्यांचे झाले, तुमचाच का राहिला? एवढंच. कुणाचा दबाव होता का? नाही. कुणी काही सुचवलं होतं का? नाही. नोकरी जाणार होती का? — नाही. ऊन होतं, पण ऊन सगळ्यांनाच असतं. मी पाळीवरच स्कूटीच्या सीटवर कागद ठेवला, ‘रिकामी जागा’ असं लिहिलं आणि गाडी वळवली. जेवायच्या वेळेला घरी होते.

आळस सगळेच करतात. तेवढंच असतं तर मी आज लिहायला बसले नसते.

आराखड्याचा मसुदा लागला. पांढऱ्या जागेवर हिरवा रंग आला होता — खेळाचं मैदान. महिनाभर हरकती घ्यायच्या होत्या. शेवंताबाईनं शाळेतल्या गुरुजींकडून अर्ज लिहून घेतला. वस्तीत कुणाकडेच जागेचा कागद नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या राहतात, एवढाच पुरावा. माझा तक्ता हाच त्यांच्या नावाचा पहिला कागद ठरला असता.

सुनावणी सभागृहात झाली. ती चार बायकांना घेऊन आली होती, धुतलेलं लुगडं नेसून. सल्लागारांनी नकाशा पसरला आणि म्हणाले, “सर्व्हेत इथं रिकामी जागा आहे. घरं नंतर बांधलेली दिसतात.”

“नंतर कायची जी? माहा सासरा त्याच घरात मेला. मी लगन होऊन तिथीच आली.”

“मग सर्व्हेच्या वेळी होता कुठं?”

“मिरच्या तोडाले गेलतो जी. पोट का तुमच्या नकाशात भरते?”

सगळे हसले. साहेबही हसले. मग तिनं मागं वळून माझ्याकडे बोट दाखवलं. “ह्या बाईले विचारा न. माह्या घरी पानी पेलं हाये बाईनं. बाईले सारं मालूम हाये.”

तिनं साक्षीला मला निवडलं होतं.

साहेबांनी मान वर केली. “मॅडम, तुम्ही गेला होतात. घरं होती का तिथं?”

मला वेळ मिळाला होता. ‘मी पटकन बोलून गेले’ असं म्हणायला जागा नाही. साहेब, चूक माझी, घरं बंद होती — एवढंच म्हणायचं होतं. काय झालं असतं? एक मेमो. चार लोकांसमोर बोलणी. नकाशाचा एक कोपरा नव्यानं रंगवावा लागला असता. एवढं सगळं मी तिथं उभी राहून नीट विचारात घेतलं. आणि म्हणाले,

“नव्हती, साहेब.”

‘फाईल आली नाही’ म्हणताना जो आवाज असतो, त्याच आवाजात. साहेबांनी शेरा लिहिला. शिपायानं पुढचं नाव पुकारलं.

बाहेर पायऱ्यांवर ती थांबली होती. वाटलं, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. ती जवळ आली आणि म्हणाली, “बाई, तुमच्या ध्यानात नसन राह्यलं. केवढं गाव फिरल्या तुमी त्या उन्हात.”

मी शोधत होते ते कारण तिनंच माझ्या हातात ठेवलं. मी ते घेतलं. म्हणाले, “हो, नसेल लक्षात.”

सुनावणीतल्या खोट्यापेक्षा हे मोठं की लहान? मला ठरवता आलेलं नाही.

आराखडा मंजूर झाला. पुढं एका फाल्गुनात वस्ती पुन्हा मिरचीला गेली. काट्या लावलेल्या दारांवर नोटिसा चिकटवल्या. वाचणार कोण? मुदत संपली आणि मशीन आलं. पंचनामा मी लिहिला, माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. मी एकदा लिहिलेले दोन शब्द त्या दिवशी खरे झाले. लोक परत आले त्या दिवशी मी रजा टाकली होती. ते आता जंगलाच्या कडेला टिनाच्या खोपट्यांत राहतात. तलावावर यायला पहाटे निघतात, चालत.

मैदान चांगलं झालं आहे. पोरं व्हॉलीबॉल खेळतात, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावतात. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितल्यापासून मीही तिथं सकाळी फेऱ्या मारते. मासे साफ करायचा त्यांचा चपटा दगड कडेला तसाच आहे. बुटाची नाडी सुटली की त्यावर पाय ठेवून मी ती बांधते. रडू येत नाही. काहीच येत नाही.

बाजारात मी मासळीची ओळ टाळायची. परवा तिनंच हाक मारली, “काऊन बाई, आता झिंगेबी नाई खात?” मी घेतले. तिनं वरून एक मूठ टाकली. मी विसरले होते, असंच ती अजून समजते.

मी विसरले नव्हते. त्या दिवशी पाळीवर उभी राहून, फॉर्म किती लागतील ते बघायला मी घरं मोजली होती. बोटानं, दोनदा. अठरा होती.