मुठीतलं मनगट

मी हाडांचं काम करते. भुताखेतांवर विश्वास असता तर पहिल्याच महिन्यात नोकरी सोडली असती. तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं...

गेल्या हिवाळ्यात वसमतजवळ एका हळदीच्या शेतात आमचं उत्खनन चालू होतं. हजारेक वर्षांपूर्वीची दफनं. ही माणसं इथलीच की बाहेरून आलेली, ते हाडांतल्या डीएनएवरून शोधायचं होतं. एका खड्ड्यात बाई आणि लहान मूल निघालं — बाईच्या मुठीत मुलाचं मनगट.

त्या दिवसांत माझ्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. आम्ही एक मुलगी दत्तक घेणार होतो. कागदपत्रं झालेली, नवरा तयार... मीच अडले होते. रक्ताची नसलेली पोर आपली वाटेल का? खरंच भीती वाटायची.

डीएनएसाठी दोघांचे दात आणि कानामागचं हाड आधीच लॅबला गेलं होतं. बाकीची हाडं वेगवेगळी भरायची, एकमेकांत मिसळायची नाहीत, हा आमचा कडक नियम. मी ती मूठ सोडवायला लागले, तशा शेताच्या मालकीण सलमाआपा बांधावरून म्हणाल्या, "काहून येगळं करून राहिले, म्याडम? लेकरू हाय तिचं."

"तेच तर तपासायचंय, आपा."

बाईचा हात एका पिशवीत, मुलाचा दुसऱ्या. सील, त्यावर माझी सही, पेटीला कुलूप.

सकाळी पेटी उघडली. सील जसंच्या तसं. पण बाईची पिशवी रिकामी... तिची बोटं मुलाच्या पिशवीत होती. मनगटाभोवती.

"थकलीयस, घोळ घातलास," आमच्या उत्खननाचे प्रमुख असलेले सर म्हणाले. मलाही तेच पटलं. या वेळी त्यांच्यासमोर भरलं, सह्या दोघांच्या, किल्ली त्यांच्याकडे.

दुसऱ्या सकाळी पेटी सरांनीच उघडली. पुन्हा तेच! सरांनी सील उलटसुलट करून पाहिलं, तेही शाबूत. शेवटी नियम गुंडाळून ठेवला आणि दोघांना एकत्र भरलं. मग काही झालं नाही.

पुढे रिपोर्ट आला. बाई दूर उत्तरेकडची. मूल इथलंच. दोघांत रक्ताचं नातं — नाही.

मी तिथल्या तिथे नवऱ्याला फोन लावला. "आपण तिला घरी आणू," एवढंच म्हणता आलं, मग रडूच आलं.

परवा मुलीला घेऊन शेतावर गेले, तेव्हा आपांनी विचारलंच, "काय निघालं मग तपासात?"

"तुमचंच बराबर होतं, आपा," मी म्हणाले. "लेकरू तिचंच होतं."